भाड्याच्या घरातून भाषांतराचे काम : भाडेकरार पतीच्या नावावर असताना खर्च वजा होईल का?

मी पुण्यात घरूनच इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते. 2025-26 या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र भरण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. वर्ष मार्च 2026 पर्यंतचे असल्याने त्याला 1961 चाच आयकर कायदा लागू आहे.

ओळखीतले बरेच स्वतंत्र व्यावसायिक कलम 44एडीएखाली निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवून मोकळे होतात. परंतु ती सोय डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार अशा ठराविक पेशांपुरती आहे आणि त्या यादीत भाषांतराचा उल्लेख नाही. म्हणून प्रत्यक्ष खर्च वजा करून आयटीआर-3 भरण्याचे ठरवले आहे. व्यवसायाचे खर्च नव्या करप्रणालीतही वजा होतात, तेव्हा प्रश्न प्रणालीचा नाही.

लॅपटॉपचे गणित सुटले आहे. संगणकाला 40 टक्के घसारा मिळतो, पण डिसेंबरात घेतल्यामुळे वापर 180 दिवसांहून कमी भरतो आणि यंदा निम्माच, म्हणजे 60,000 रुपयांवर 12,000 रुपये घसारा धरता येतो. घोडे अडले आहे ते भाड्यापाशी.

घराचा काही भागच व्यवसायासाठी वापरला जात असेल, तर कलम 38 नुसार भाड्याचा तेवढा हिस्सा वजा होतो. आमच्या 600 चौरस फुटांच्या घरातली 90 चौरस फुटांची खोली केवळ माझ्या कामासाठी आहे, म्हणजे 15 टक्के. मात्र भाडेकरार माझ्या पतीच्या नावावर आहे, भाडे त्यांच्याच खात्यातून जाते आणि जुन्या प्रणालीत असल्याने त्याच भाड्यावर ते घरभाडे भत्त्याची सूटही घेतात. एकाच रुपयावर दोघांनी हक्क सांगता येणार नाही, हे उघड आहे. माझा हिस्सा मी दरमहा त्यांच्या खात्यात वळता केला आहे आणि कंपनीकडे संपूर्ण भाड्याच्या पावत्या गेल्या असल्या, तरी विवरणपत्रात 85 टक्के भाडेच धरून सूट कमी करून घ्यायला ते तयार आहेत. एवढ्यावर माझा 15 टक्क्यांचा दावा टिकेल का, की करारात माझे नाव असणे आवश्यकच आहे?

महावितरणचे बिल घरमालकाच्या नावाने येते, पण ते मी माझ्या खात्यातून यूपीआयने भरते. त्याला क्षेत्रफळाचेच प्रमाण लावावे का? दिवसभर एसी याच खोलीत चालतो, त्यामुळे 15 टक्के मला फारच थोडे वाटतात.

अशा दाव्यावर ज्यांना नोटीस आली असेल, त्यांनी अधिकाऱ्यांनी कोणते कागद मागितले तेही कृपया लिहावे.