परदेशी अलॉय व्हील्सचा पहिला कंटेनर: आगाऊ रक्कम पाठवण्याआधी काय तपासावे?

सीएसटी_रोड

नमस्कार. कुर्ल्याला सीएसटी रोडवर आमचे टायर आणि अलॉय व्हील्सचे दुकान आहे. गेली ९ वर्षे मी दिल्लीच्या आयातदारांकडूनच माल उचलत आलो. आता ठाणे, नाशिक आणि पुण्याच्या दुकानदारांना घाऊक पुरवठा करावा, या विचाराने चीनमधील निंगबोच्या एका कारखान्याशी थेट बोलणी चालू केली आहेत. १५ आणि १६ इंची मालाचा एक २० फुटी कंटेनर, ३० टक्के रक्कम आगाऊ आणि उरलेली बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) प्रत आल्यावर, असा त्यांचा प्रस्ताव आहे. भिवंडीत गोदामही पाहून ठेवले आहे. माल गोदामात येईपर्यंत कितीला पडेल आणि पैसे पाठवण्याआधी कशाची खात्री करून घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उरण_क्लिअरिंग

मी न्हावा शेवाला क्लिअरिंगचे, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवण्याचे काम करतो, त्यामुळे दराच्या आधी परवान्याचे विचारीन. मोटारींच्या रिमवर केंद्र सरकारचा गुणवत्ता नियंत्रण आदेश असून त्यानुसार आयएस १६१९२ या मानकाचे आयएसआय चिन्ह मालावर असावे लागते, आणि ते चिन्ह उमटवण्याचा परवाना भारतीय मानक ब्युरो आयातदाराला देत नाही, तर परदेशातल्या त्या एका कारखान्याला, त्याच्या त्या एका पत्त्यासाठी देतो. त्यासाठी कारखान्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो आणि १०,००० अमेरिकी डॉलरची बँक हमी द्यावी लागते. एका कंटेनरच्या गिऱ्हाइकासाठी हा खटाटोप कोणी करत नाही, म्हणून परवाना आधीपासून हाती असलेलाच कारखाना शोधावा. स्वतःला कारखानदार म्हणवणारा माणूस पुष्कळदा नुसता व्यापारी असतो आणि दुसऱ्याच कुणाच्या परवान्याची प्रत पाठवून मोकळा होतो. परवान्यावरचा पत्ता आणि माल जिथे ओतला जातो तो पत्ता एकच आहे का, आणि तुमची मापे त्या परवान्यात बसतात का, हे स्वतः ताडून पाहा. माझ्याकडे आलेल्या एका फाइलीत परवाना खरा होता, पण खोकी उघडल्यावर चिन्ह फक्त पुठ्ठ्यावर निघाले, रिमवर कुठेच नव्हते. त्या गृहस्थांनी कंटेनरचे आणि सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे) भाडे महिनाभर भरले आणि अखेर माल परत पाठवला.

आता हिशेब. चाके कस्टमच्या दरपत्रकात ८७०८७००० या शीर्षाखाली येतात. भाडे आणि विम्यासह मालाचे मूल्य १०० रुपये धरले, तर १५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार मिळून ११६.५० रुपये होतात. त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे २०.९७ रुपये. हा आयजीएसटी सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के होता. तो पुढे विक्रीवरच्या जीएसटीतून क्रेडिट म्हणून वळता होतो, पण माल विकला जाईपर्यंत तुमची रोकड अडकते, आणि घाऊक धंद्यात उधारी किती लांबते हे आपण जाणताच. याखेरीज चीन, कोरिया आणि थायलंडच्या ओतीव अलॉय व्हील्सवर २०१५ मध्ये किलोमागे अँटी डंपिंग शुल्क (परदेशी माल पाडलेल्या दरात येऊ नये म्हणूनचे जादा शुल्क) लावले गेले होते. त्याची आजची स्थिती सांगणारी अधिसूचना एजंटाच्या तोंडी भरवशावर न राहता कागदावर वाचून मगच दर ठरवा.

पनवेल_घाऊक

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु मला विचाराल तर या धंद्यात माणूस शुल्काने बुडत नाही, मापांनी बुडतो. १६ इंची रिमचे खोके साधारण ४४ बाय ४४ बाय २२ सेंटिमीटर धरले, तर २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ६५० नग बसतात, म्हणजे जेमतेम १६० गाड्यांचे संच. स्विफ्टला ४×१०० (म्हणजे ४ बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर) आणि मधले भोक ५४.१ मिलिमीटर लागते, क्रेटाला ५×११४.३ आणि ६७.१, तर पोलोला ५×१०० आणि ५७.१. कारखाना एकच डिझाइन जास्त नगांत घेतले की दर उतरवतो, आपण त्या मोहात पडतो, आणि वर्षभराने निम्मा माल अंगावर पडलेला असतो. मी स्वतः ४×१०८ चे १२० नग मागवले आणि काही महिन्यांतच, २०२१ मध्ये, त्या मापाच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने भारतातील उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यांतले ४० नग आजही माळ्यावर आहेत. चूक माझी, गिऱ्हाईक न मोजता दर मोजला.

ऑफसेटकडेही लक्ष द्या, म्हणजे चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतले मिलिमीटरमधले अंतर, ते ईटी असे लिहितात. ईटी ४५ च्या जागी ईटी ३५ लावला, तर चाक १० मिलिमीटर बाहेर येते. मागे तीन माणसे बसली आणि खड्डा आला की टायर मडगार्डला घासतो. एका दुकानदाराने असा घासलेला टायर थेट माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, कडेची रबराची सालपटे तशीच लोंबत होती. मधले भोक मोठे असेल तर हब रिंग (भोक आणि हब यांतली फट भरणारी कडी) त्याच खोक्यात मागवा, नाहीतर द्रुतगती मार्गावर स्टिअरिंग थरथरल्याच्या तक्रारी सुरू होतात. चाकाच्या आऱ्यामागे कोरलेला, चाक पेलू शकते तो भार किलोत वाचा. पुढच्या-मागच्यांपैकी जास्त भाराच्या अ‍ॅक्सलवरील वजनाच्या निम्म्याहून तो कमी असता कामा नये. जेडब्ल्यूएल ही खूण कारखाना स्वतःच्या जबाबदारीवर उमटवतो, व्हीआयए ही जपानमधील त्रयस्थ चाचणीची खूण आहे, आणि दोन्ही असल्या तरी आयएसआयची जागा त्या घेत नाहीत.

सीएसटी_रोड

दोघांचेही मनापासून आभार. काल परवान्याची प्रत मागवली. तिच्यावरचा पत्ता निंगबोचा नसून दुसऱ्याच शहराचा आहे, आणि विचारल्यावर "आमचाच दुसरा प्रकल्प" असे उत्तर आले. रक्कम पाठवलेली नाही. आता गेल्या दोन वर्षांची बिले काढून कोणत्या मापाचे किती संच गेले, ते वहीत उतरवत बसलो आहे. पहिल्याच संध्याकाळी कळले की माझ्या यादीतली तीन डिझाइने मी वर्षभरात एकदाही विकलेली नाहीत.

उरण_क्लिअरिंग

परवान्यावर नाव असलेल्या त्या दुसऱ्या प्रकल्पाच्या कार्यालयात स्वतः थेट फोन लावा. आणि पुढे कधी ईमेलवर "बँकेचे खाते बदलले आहे" असा निरोप आला, तर आधीच्या ओळखीच्या क्रमांकावर बोलल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका.