लाइट गेल्यावर सर्व्हरचा फोल्डर रिकामा, रीस्टार्टनंतर जुना डेटा आला पण मधलं काम गेलं

खटपट्या_इचल

नमस्कार मंडळी, डोकं चालेना म्हणून इथं विचारतोय. आमचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस, नऊ-दहा पीसी, एका जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू सर्व्हर २२.०४ (लिनक्स) टाकून सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) चालवतोय. ओएस आतल्या छोट्या एसएसडीवर आणि सगळा डेटा ४ टीबीच्या बाहेरच्या यूएसबी डिस्कवर, ती /एसआरव्ही/डेटा या फोल्डरवर माउंट होते (म्हणजे जोडली जाते). परवा वादळी पावसात लाइट गेली, यूपीएसनं पण मान टाकली, लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप चालू झाला आणि सगळ्यांच्या पीसीवर शेअर उघडत होता, फक्त आत काहीच नाही! मी बाहेरगावी. अकाउंट्सच्या मॅडमनी आपल्या पीसीवरचा टॅलीचा बॅकअप त्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर केला आणि काम सुरू केलं, बाकीच्यांनी पण तिथंच नवीन फाइल्स टाकल्या. मी आल्यावर सर्व्हर रीस्टार्ट केला तर जुना सगळा डेटा जिथल्या तिथं हजर, पण मधल्या दिवसांत केलेलं काहीच नाही. टॅलीतल्या एंट्र्यासुद्धा नाहीत. मॅडम माझ्याकडं बघत पण नाहीयेत आता. त्या फाइल्स गेल्या कुठं? रिकव्हरी सॉफ्टवेअर लावू का?

जयभीम_टेक

यूएसबी डिस्कवर ऑफिसचा डेटा ठेवायचाच कशाला. सरळ विंडोज सर्व्हर घ्या नाहीतर गूगल ड्राइव्ह, कटकट नाही.

टर्मिनलवाला

थांबा थांबा, रिकव्हरी सॉफ्टवेअर अजिबात लावू नका, काही डिलीट झालेलं नाहीये बहुतेक. आधी तीन गोष्टी सांगा. १) एफस्टॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठं जोडायची ती यादी) त्या डिस्कच्या ओळीत नोफेल आहे का? २) डीएफ -एच (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारल्यावर रूट, म्हणजे ओएसची एसएसडी, किती भरलेलं दिसतं, नेहमीपेक्षा जास्त? ३) रात्रीचा बॅकअप आरसिंकनं (फोल्डरची नक्कल करणारी कमांड) जातो का आणि त्यात --डिलीट लावलंय का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर बाकी सगळं सोडा, आत्ता उठून तो क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद करा आणि मग लिहा.

खटपट्या_इचल

क्रॉन बंद केला. --डिलीट आहे, पण बॅकअप फक्त रविवारी असतो, त्यामुळं मधे चाललेला नाही. नोफेल आहे, नाहीतर डिस्क नसली की सर्व्हर बूटच व्हायचा नाही म्हणून टाकलं होतं. आणि हो, रूट ९१ टक्के दाखवतंय! ड्यू (फोल्डरांचा आकार मोजणारी कमांड) मारून बेरीज केली तर निम्मं पण होत नाही. हे काय गौडबंगाल?

टर्मिनलवाला

वाचलात. रविवार मधे आला असता तर आरसिंकनं बघितलं असतं की सोर्समध्ये चार फाइल्स आहेत, आणि बॅकअपमधल्या बाकी सगळ्या इमानदारीत उडवल्या असत्या.

झालं असं. बाहेरची डिस्क फिरायला वेळ लागला किंवा ती दिसलीच नाही. नोफेल असल्यामुळं सिस्टमडी (बूटचं काम बघणारा प्रोग्रॅम) तिच्यासाठी थांबला नाही, बूट पुढं गेलं आणि एसएमबीडी (सांबाचा मुख्य प्रोग्रॅम) सुरू झाला. /एसआरव्ही/डेटा हा फोल्डर तर एसएसडीवर आहेच, रिकामा. सांबाला काय, फोल्डर आहे ना, मग शेअर केला. लोकांनी जे टाकलं ते सगळं एसएसडीवर गेलं. नंतर तुम्ही रीस्टार्ट केल्यावर डिस्क नीट माउंट झाली आणि त्याच फोल्डरवर चादरीसारखी पसरली, त्यामुळं खालचं झाकलं गेलं. जागा अडलेली असते म्हणून डीएफला दिसतं, ड्यू वरून चालतो म्हणून त्याला दिसत नाही.

बघायला डिस्क काढायची गरज नाही. /एमएनटी/खाली असा फोल्डर करा, माउंट --बाइंड (एक फोल्डर दुसऱ्या जागीही दाखवणारी कमांड) वापरून रूट त्याच्यावर लावा, मग /एमएनटी/खाली/एसआरव्ही/डेटा उघडा. आरबाइंड नको, नुसता बाइंड, नाहीतर परत वरचीच डिस्क दिसेल. तिथं सापडलं की आधी सगळं दुसरीकडं कॉपी करून ठेवा, मूव्ह नको.

खटपट्या_इचल

सापडलं!! सगळं आहे, टॅलीचा फोल्डर पण. आता तो उचलून मेन डेटावर पेस्ट करू ना?

निवांत_अकाउंटंट

अहो नको! पेस्ट केलंत तर मेन कंपनीच्या फाइल्सवर जुन्या बॅकअपच्या फाइल्स बसतील, मॅडमचा बॅकअप कधीचा होता कुणास ठाऊक. सापडलेला फोल्डर लोकल पीसीवर वेगळ्या पाथला ठेवा, टॅलीप्राइममध्ये तिथून कंपनी उघडा. नवीन लेजर केले असतील तर आधी मास्टर्स, मग डे बुकमधून फक्त त्याच तारखांची व्हाउचर्स एक्सएमएलमध्ये एक्स्पोर्ट करून मेन कंपनीत इम्पोर्ट करा. त्याआधी मेनचा बॅकअप घ्या. शेवटी दोन्हीकडचा डे बुक शेजारी-शेजारी लावून मॅडमनाच टिक करायला बसवा, एंट्र्या त्यांच्या आहेत, त्यांना पटकन कळेल. एक्सेल-वर्डचं काय, तारीख बघून हातानं टाका.

टर्मिनलवाला

आता पुन्हा होऊ नये म्हणून. सगळ्यात सोपं म्हणजे शेअरचा पाथ डिस्कच्या मुळावर ठेवूच नका. डिस्कच्या आत ऑफिस नावाचा फोल्डर करा, डेटा त्यात हलवा आणि सांबात पाथ /एसआरव्ही/डेटा/ऑफिस द्या. डिस्क नसेल तेव्हा हा पाथच नसेल, शेअर उघडणार नाही, लोक बोंब मारतील, आणि बोंब मारलेली बरी.

दुसरं, सिस्टमसीटीएल एडिट एसएमबीडी करून युनिट सेक्शनमध्ये रिक्वायर्स-माउंट्स-फॉर ही ओळ मधल्या रेघा न देता सलग लिहून टाका, पुढं बरोबर चिन्ह आणि /एसआरव्ही/डेटा. मग माउंट झाल्याशिवाय एसएमबीडी उठणारच नाही. प्रिंटर पण सांबावरून शेअर असेल तर तोही अडकेल, तेवढं लक्षात ठेवा.

तिसरं, रविवारी ऑफिस बंद असताना डिस्क अनमाउंट करून खालच्या रिकाम्या फोल्डरला चॅट्टर +आय (फोल्डर कुलूपबंद करणारी कमांड) लावा, मग रूट यूजर पण तिथं फाइल करू शकत नाही, आणि वरून माउंट करायला काही आडकाठी येत नाही. बॅकअप स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट -क्यू चेक टाका, माउंट नसेल तर स्क्रिप्ट तिथंच बाहेर. एफस्टॅबमध्ये डिस्कचं नाव एसडीबी१ असं लिहिलं असेल तर त्याऐवजी यूयूआयडी (तिचा कायमचा ओळख क्रमांक) टाका, पेनड्राइव्ह लावलेला असताना बूट झालं की ही नावं बदलू शकतात. आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून नट (नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर) बसवा, बॅटरी संपायच्या आत शटडाउन होईल.

कोकणी_केबल

धागा हायजॅक करतोय, माफी. आमच्याकडं पण सांबा, पासवर्ड नाही, गेस्ट ओके. विंडोज १० वाले सगळे उघडतात पण नवीन विंडोज ११ प्रोचे लॅपटॉप घेतले त्यावर सिक्युरिटी पॉलिसीज ब्लॉक अनऑथेंटिकेटेड गेस्ट अॅक्सेस असं काहीतरी येतं. सर्व्हर बिघडलाय का?

टर्मिनलवाला

सर्व्हर ठणठणीत आहे. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रोमध्ये एसएमबी साइनिंग (फाइल शेअरिंगच्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही) सक्तीचं आहे आणि गेस्ट बंद. पासवर्डच नाही तर सही कशानं करणार, म्हणून गेस्ट आणि साइनिंग एकत्र नांदत नाहीत. यूट्यूबवर रजिस्ट्रीतून हे बंद करायचे व्हिडिओ आहेत, ते प्रत्येक लॅपटॉपवर करत बसू नका. प्रत्येकाचा लिनक्स यूजर नोलॉगिन शेलनं (सर्व्हरवर थेट लॉगिन न होणारा) करा, एसएमबीपासडब्ल्यूडी -ए नं पासवर्ड द्या, सगळ्यांना एका ग्रुपमध्ये घालून शेअरमध्ये व्हॅलिड यूजर्स आणि फोर्स ग्रुप लावा. मॅप टू गेस्टला बॅड यूजर असेल ते नेव्हर करा, नाहीतर नाव चुकीचं टाकलं तरी सांबा गुपचूप गेस्ट करतो आणि तुम्ही पासवर्ड तपासत बसता. टेस्टपार्म (सांबाची सेटिंग तपासणारी कमांड) मारून मगच रीस्टार्ट, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत.

खटपट्या_इचल

एंट्र्या जुळल्या, दोन व्हाउचर डबल आली होती ती मॅडमनीच पकडली आणि काढली. पाथ आणि रिक्वायर्स-माउंट्स दोन्ही केलं, डिस्कची केबल काढून बूट करून बघितलं, शेअर उघडत नाही. चॅट्टर रविवारी करतो. नट बसवताना यूपीएसचा ड्रायव्हर सापडत नाहीये, त्याचा वेगळा धागा काढतो.