'स्वतःवर विश्वास ठेव' हा सल्ला चित्र काढणाऱ्याच्या काही कामाचा नाही, थोडी शंका असलेलीच बरी

अर्धओला_कागद

आधी माझी कुंडली सांगतो. वय ३९, साताऱ्यात पतसंस्थेत नोकरी. शाळेत इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, त्यानंतर वीसेक वर्षं ब्रशला हात नाही. गेली सात वर्षं परत सुरू केलंय, जलरंग, निसर्गचित्रं, शक्यतो जागेवर बसूनच. मुंबईतल्या एका वार्षिक प्रदर्शनाला लागोपाठ तीन वर्षं चित्रं दिली, तिन्ही वेळा नापास. नापास चित्र स्वतः जाऊन परत आणावं लागतं हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. एसटीत मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन बसलो होतो, शेजारचे काका म्हणाले देव आहे का आत? मी हो म्हणालो. काय सांगणार.

तर मुद्दा असा की घरचे, मित्र, यूट्यूबवाले सगळे एकच सांगतात, स्वतःवर विश्वास ठेव. माझा अनुभव उलटा आहे. जानेवारीत वाईजवळ मेणवलीला घाटावर बसलो होतो, तिथे त्या मोठ्या घंटेचं छोटं देऊळ आहे बघा, त्याची सावली पायऱ्यांवर पडलेली आणि ती चक्क जांभळट निळी दिसत होती, आणि मी काय लावलं तर करडी. का? तर सावली म्हणजे करडी हे हाताला पाठ झालंय आणि त्या दिवशी मी जरा हवेत होतो, आदल्याच आठवड्यात एकाने चित्र विकत घेतलं होतं. घरी येऊन बघितलं तर पायऱ्या म्हणजे सिमेंटचा ढीग. उलट ज्या दिवशी आपल्याला काही येत नाही असं वाटतं त्या दिवशी मी दहा वेळा मान वर करतो, समोर बघतो, मगच ब्रश टेकवतो, आणि ती चित्रं बरी होतात. म्हणून म्हणतो शंका घालवायच्या मागे लागू नका. विरोधी मतं येऊ द्या.

चहा_कमी_साखर

विरोधी मत घ्या मग. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो ना दादा तुमच्या खात्यात, म्हणून तुम्हाला शंका परवडते. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, फ्रीलान्स, आठ वर्षं झाली. शंकेने माझं काय होतं ते सांगते. क्लायंट म्हणतो कव्हरचे तीन ऑप्शन पाठवा, मी नऊ पाठवते, कारण पहिल्या तीनांवर माझा भरवसा नसतो. मग त्यांचा गोंधळ होतो, ते म्हणतात यातलं आकाश, त्यातली मांजर आणि पाचव्यातली अक्षरं घ्या, आणि जे तयार होतं ते कुणाचंच नसतं. रेट विचारला की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मीच कमी करून सांगते. मागच्या वर्षी अकरा महिने स्वतःसाठी एक रेघ मारली नाही, नवीन स्केचबुक आणलं आणि पहिलं पान खराब होईल म्हणून ते तसंच पडलंय. यात 'दहा वेळा मान वर करून बघणं' कुठे आहे? ही शंका बघू देत नाही, डोळे मिटायला लावते.

कोटितीर्थ

ताईंशी सहमत. आमच्या कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान घ्या. मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, तिथेच राहून नाव काढता आलं असतं, पण परत आले, कोटितीर्थ तळ्याकाठी राहिले, शाहू महाराजांचा आश्रय होता. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्यानंतर आबालालांनी स्वतःची ढीगभर चित्रं तळ्यात सोडून दिली अशी गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःच्या हाताने. शंका शेवटी तिथे नेते.

अर्धओला_कागद

ही शंकेची गोष्ट कशी काय? बघणारा एकच माणूस होता, तो गेला, आता कुणाला दाखवायचं, असं ते आहे. याला मी दुःख म्हणेन. माझी चित्रं कोणी मागितली तर तळ्यात टाकायला मीही देईन, पण ते पायऱ्या सिमेंटच्या झाल्यात म्हणून :)

@चहा_कमी_साखर पगाराचा मुद्दा मान्य. अगदी मान्य. पण मग सल्ला 'विश्वास ठेव' हा नसून 'नोकरी धर' असा व्हायला पाहिजे ना?

निळा_टेम्पो

व्हॅन गॉगने आयुष्यभर हार मानली नाही मित्रांनो, हयातीत फारसं काही विकलं गेलं नाही तरी काढत राहिला, आज बघा कुठे आहे. जिद्द पाहिजे बस.

चहा_कमी_साखर

आला, व्हॅन गॉग आला. मी वाटच बघत होते. अहो त्याला थिओ होता! भाऊ नियमाने पैसे पाठवायचा, रंग-कॅनव्हास पाठवायचा, पत्रं लिहायचा. सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं आणि पुढे दहा वर्षांत माणूस गेलासुद्धा. जिद्द होतीच, पण घरभाडं थिओच्या पगारातून जात होतं. तुमच्या घरी थिओ आहे का? माझ्याकडे आहे तो भाऊ माझंच चार्जर घेऊन जातो.

उदाहरणच द्यायचं तर आपल्याकडचं द्या, चित्रकार प्रभाकर बरवे. वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये सरकारी नोकरी केली, कापडाची डिझाइनं, एक-दोन नाही बरीच वर्षं. आणि त्याच काळात स्वतःचं कामही चालू. जिद्दीच्या गोष्टीत ऑफिसची हजेरी येत नाही, कारण त्याचा रील होत नाही.

निळा_टेम्पो

म्हणजे गरीबाने स्वप्न बघू नये का?

चहा_कमी_साखर

असं कुठे म्हटलं मी, परत वाचा.

जुनी_एटीडी

मी ड्रॉइंग टीचर होते, एकतीस वर्षं, आता रिटायर. दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं म्हणून लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आठवीचा एक वर्ग होता माझा. सगळ्यांना खोडायची भयंकर सवय. वस्तुचित्राचा तास, समोर तांब्या आणि दोन वांगी मांडलेली, आणि पाऊण तास झाला तरी निम्म्या मुलांच्या कागदावर नुसता राखाडी धूर. एकाने तर इतकं घासलं की कागदाला भोक पडलं आणि त्यातून खालचा बेंच दिसायला लागला. मी चिडून सगळ्यांची खोडरबरं गोळा केली, डब्यात घातली, म्हटलं दिवाळीपर्यंत मिळणार नाहीत. आता तुम्हाला वाटेल पुढे मी सांगणार की सगळे उत्तम काढायला लागले. नाही. काही खरंच मोकळे झाले, चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायला शिकले. पण दोन मुलं चित्रकलेच्या तासाला पोटात दुखतं सांगून बाहेर बसायला लागली. त्यातला एक तो भोकवालाच. मी तेव्हा त्याला आळशी समजले, आज नाही समजणार.

तांब्याचा गळा लांब झालाय असं वाटणं ही एक गोष्ट आणि मला तांब्याच काढता येत नाही असं वाटणं ही दुसरी. अर्धओला_कागद, तुम्ही पहिलीबद्दल बोलताय. ताई दुसरीबद्दल बोलतेय. नाव एकच म्हणून भांडताय झालं. आणि दुसरी जी आहे ना, ती बहुतेक वेळा मुलाची स्वतःची नसतेच, कुणीतरी दिलेली असते. काही वेळा ड्रॉइंग टीचरनेच.

अर्धओला_कागद

बाई, हे वाचून जरा गप्पच झालो. पण तरी विचारतो, पहिलीतून दुसरी होतेच की. तीन वर्षं परत आलेली चित्रं बघताना मला आधी 'आकाश जड झालंय' वाटायचं, आता डायरेक्ट 'तू जाऊ दे' वाटतं. मधली पायरी कधी ओलांडली ते कळलंच नाही.

पाटीवाला_पेंटर

सगळं वाचलं. मी दुकानाच्या पाट्या रंगवायचो, सोलापूर भागात. पत्र्याला आधी बेस, मग खडूची दोरी ताणून टण्णकन मारायची म्हणजे दोन सरळ रेघा उमटतात, मग अक्षरं, मग एनॅमल. 'किराणा' लिहायला घेतलं की 'र्‍हस्व का दीर्घ' हीच शंका, बाकी कुठली शंका यायला टाइमच नव्हता कारण मालक खाली स्टूल धरून उभा. मग फ्लेक्स आलं. जी पाटी मी दोन दिवसात करायचो ती तासात निघायला लागली, वर दुकानदाराचा फोटो पण. आमच्यातले काही घरं रंगवायला गेले, एक रिक्षा चालवतो, एक आता फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर आहे. कोणी म्हणतं हुसेनसाहेब पण सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. रंगवायचे की. पण त्यांच्या शेजारच्या परातीवर चढून जे दुसरे लोक रंग लावायचे त्यांची नावं सांगा एक-दोन.

माझं म्हणणं एवढंच की तुम्हाला शंका आली म्हणून कोणी तुमचा धंदा बंद करत नाही आणि विश्वास ठेवला म्हणून चालू ठेवत नाही. मला शंभर टक्के विश्वास होता हो. गावात माझ्यासारखं वळणदार 'श्री' कोणाचं नव्हतं.

निळा_टेम्पो

दादा मग आता काढता का काही?

पाटीवाला_पेंटर

काढतो. ट्रकच्या मागे, कधी देवळात. आणि नातीच्या वहीवर नावं. परात नाही पहाड म्हणायचं होतं वर, उभं राहायला बांधतात तो बांबूचा, चुकलं.

कोटितीर्थ

चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करायचे हे पण लक्षात घ्या, बाकीचा वेळ विचार. म्हणजे काम कमी झालं तरी घाबरायचं कारण नाही.

चहा_कमी_साखर

गायतोंडे कमी काढायचे ते हात आधी जेजेत आणि नंतर किती वर्षं घासून. आपण कमी काढतो ते नेटफ्लिक्समुळे. ही सोयीची तुलना मी स्वतः अकरा महिने वापरली आहे म्हणून सांगते.

जुनी_एटीडी

अर्धओला_कागद, एक काम करता का? सात वर्षांतली सगळी चित्रं तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा. चांगली निवडून नको, सगळी. परत आलेली तिन्ही पण त्यांच्या त्यांच्या जागी. आणि बघताना 'बरं-वाईट' म्हणायचं नाही, फक्त काय दिसतंय ते मोठ्याने बोलायचं. घरी कोणी असलं तर त्यांना लिहायला लावा.

अर्धओला_कागद

चार दिवसांनी येतोय. रविवारी मांडली. हॉल पुरला नाही, पॅसेजमध्ये गेली, एकूण ९३ भरली, मुलगी वही घेऊन बसली होती आणि तिने परीक्षकासारखा चेहरा केला होता.

सुरुवातीला मी नुसतं 'शी' आणि 'बरं आहे' म्हणत होतो, तिने वही बंद केली, म्हणाली बाबा असं लिहायचं नाहीये. मग नीट बोलायला लागलो. आणि एक गोष्ट दिसली जी मला सात वर्षांत दिसली नव्हती. आकाशं जवळपास सगळी चांगली आहेत. लांबचे डोंगर पण. पुढचा भाग, म्हणजे पायऱ्या, दगड, गवत, होडी जे काय असेल ते, जवळपास सगळ्यांत मळलेलं. परत आलेल्या तिन्हीत तर खालचा तिसरा हिस्सा म्हणजे चिखल. मुलीने लिहिलंय 'वर छान खाली घाण' आणि पुढे एकसष्ट वेळा डिट्टो.

कारण पण कळलं. आकाश मी सकाळी ताज्या डोक्याने, भरपूर पाण्यात, एका दमात टाकतो. खाली येईपर्यंत अकरा वाजतात, ऊन सरकलेलं असतं, सावल्या जागेवर नसतात, आणि मी घाईघाईत अर्धवट ओल्या रंगावर परत ब्रश फिरवतो. मग तिथे फ्लॉवरच्या भाजीसारखे डाग उमटतात, ते झाकायला वर अजून रंग. कागद चांगला ३०० जीएसएमचा आहे म्हणून सहन करतो बिचारा.

म्हणजे मी 'मला जमत नाही' म्हणून तीन वर्षं झोप घालवली आणि प्रॉब्लेम अकरा वाजण्याचा होता.

चहा_कमी_साखर

हे वाचून मस्त वाटलं पण मला अजूनही तुमचं मूळ मत पटलेलं नाही हं. तुमची शंका काही कामाची ठरली नाही, वही आणि मुलगी कामाची ठरली. शंकेने तर तीन वर्षं खाल्ली, तुम्हीच लिहिलंय वर.

अर्धओला_कागद

शंका नसती तर मांडलीच नसती ना पण.

चहा_कमी_साखर

बाईंनी सांगितलं म्हणून मांडलीत. असो. काल एका क्लायंटला तीनच ऑप्शन पाठवले. रेटही न कापता सांगितला. अजून उत्तर नाही आलेलं, दर दहा मिनिटांनी मेल उघडतेय आणि बाकीचे सहा ऑप्शन पाठवून टाकावेत असा हात शिवशिवतोय.

जुनी_एटीडी

ते सहा डब्यात घाल आणि झाकण लाव. दिवाळीपर्यंत नको, उद्यापर्यंत ठेव.

अर्धओला_कागद, पुढच्या वेळी इम्पिरियल मापाचा अर्धा कागद नेऊ नका, पाव कागदच न्या. आणि खालच्या पायऱ्यांपासून सुरुवात करा, आधी सावली पकडा. आकाश पळून जात नाही.

अर्धओला_कागद

जलरंगात वरून खाली यायचं असतं ना पण बाई? फिकटाकडून गडदाकडे?

जुनी_एटीडी

असतं. एकदा मोडून बघा, परीक्षा नाहीये.

पाटीवाला_पेंटर

आम्ही पाटी खालूनच सुरू करायचो कधी कधी, फोन नंबर आधी, कारण दुकानदाराला नावापेक्षा त्याची काळजी जास्त.

अर्धओला_कागद

ठरलं. येत्या रविवारी सातच्या आत मेणवलीला पोचतोय, पाव कागद, आकाश कोरं ठेवून. जवळपासचं कोणी येणार असेल तर सांगा, डबा जास्तीचा आणतो.

कोटितीर्थ

कोल्हापूरहून सात म्हणजे चारला निघावं लागेल. मी नऊपर्यंत येतो, सावली राहू द्या थोडी.