'फुलोरा' तुरीचा की महालक्ष्मीचा?

तूरवाली (दारव्हा तालुका): बचत गटासाठी तुरीच्या फवारणीचं हिंदी पत्रक मराठीत करते आहे. 'पीक ५० टक्के फुलोऱ्यात असताना ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा' असं लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "फुलोरा तं मालक्ष्म्याईच्या डोक्शावर राह्यते. तुरीले काऊन टांगून रायली?" महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) वर तळणाच्या करंज्या टांगतात, तो फुलोरा तिच्या डोक्यात. आमच्याकडे तूर 'फुलावर येते'. पण '५० टक्के फुलावर' म्हणजे अर्धी झाडं फुलली, की प्रत्येक झाड अर्धं फुललं? शेंगा पोखरणाऱ्या अळीचा प्रश्न आहे, फवारणीची वेळ चुकली तर शेंगा जातील. काय लिहू?

शुद्धलेखन: 'पुष्पावस्था' लिहा. बोलीतला शब्द दर तालुक्याला बदलतो, हा बदलत नाही.

कपाशीवाला: वावरात कोण म्हणतं पुष्पावस्था? कपाशी पात्यावर (कळीवर) येते, मग फुलावर, मग बोंडावर. तिचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. माझी आजी तासातून (दोन ओळींमधून) चालता चालता कालचं कोणतं नि आजचं कोणतं ते रंगावरून सांगायची. आणि धुवारी (धुकं) पडली की आम्ही 'तुरीचं फूल गळलं' म्हणतो, 'फुलं गळली' नाही. सगळ्या वावराचं मिळून एकच फूल. 'पुष्पावस्थे'त हे कुठे बसवणार?

आंबियाबार (वरुड): आमच्या संत्र्याला फुलोरा नाही नि फूलही नाही, 'बार'. पाणी बंद करून बाग ताणावर सोडायची, पानं मलूल झाली की ताण तोडायचा. जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो तो आंबिया, पावसाळ्याच्या तोंडी फुटतो तो मृग. बार फुटल्याचं बघायला बागेत जावं लागत नाही, रस्त्यावरच वास येतो.

शुद्धलेखन: 'बार' म्हणजे फारसी 'बहार'. आपला 'मोहोर' असताना तो कशाला?

आंबियाबार: मोहोर आंब्याला. संत्र्याला मोहोर म्हणणारा माणूस मला आजवर भेटला नाही. फारसी म्हणून बार काढायचा तर बाग, जमीन आणि हंगामही काढा. मग शेतकऱ्याशी बोलणार कशानं?

झाडीपट्टी (गडचिरोली): आमच्याकडे तर 'फूल' हा शब्दच गळतो. मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात, पहाटे टोपली घेऊन 'मोह वेचायला' जातात. वेचतात फूलच, म्हणतात मोह. हा मोह संस्कृत 'मधूक'मधून आलेला. मन गुंततं त्या मोहाशी त्याचं नातं नाही, तरी दरवर्षी कुणीतरी दोन्ही जोडून कविता करतं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

माहेर अकोला: मूळ शब्दाकडे या. आमची आजी 'फुलवरा' म्हणायची. कणीक तेलात फुलते म्हणून फुलोरा, अशी माझी समजूत. करंज्या, साटोऱ्या, कणकेची वेणी नि फणी दोऱ्यानं बांधून महालक्ष्म्यांच्या वर टांगायच्या. वेणी तीन पदरांची. कढईत पदर सुटू नयेत म्हणून टोकाला पाण्याचं बोट लावून दाबायचं. मला ते काम आठव्या वर्षी मिळालं.

कपाशीवाला: तेलात फुलते ती पुरीही, तिला कुणी फुलोरा म्हणत नाही. आधी फुलांच्या माळा टांगत असतील, त्यांच्या जागी तळण आलं आणि नाव तेच राहिलं, असं मला वाटतं.

माहेर अकोला: मग फूल कुठे गेलं? आमच्या फुलोऱ्यात एकही फूल नसतं.

झाडीपट्टी: वेणी आहे ना. वेणी कशाची असते?

तूरवाली: पत्रक परवा छापायला जायचं आहे. अर्धी झाडं की अर्धं झाड, एवढं तरी सांगा.

माहेर अकोला: ताई, आईला एक विचाराल का? दारव्ह्याकडे फणीला दात किती कापतात? आमच्याकडे पाच, सासरी सात, आणि दोन्हीकडे तेच खरं म्हणतात.