ऑस्टिनचं म्यूनी वाचवायच्या अर्जावर सही करू का? मी तर गोल्फ खेळतच नाही

घाटावरचा_ऑस्टिनकर:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज प्रश्न घेऊन आलोय. आमच्या ऑस्टिनमध्ये (टेक्सस) लायन्स म्युनिसिपल नावाचं गोल्फ कोर्स आहे, सगळे त्याला म्यूनी म्हणतात. १४१ एकर, १९२४ पासूनचं. आणि पब्लिक, म्हणजे कुणीही जावं, फी भरावी, खेळावं, मेंबरशिपची भानगड नाही. जमीन मात्र शहराची नाही, युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससची, शहर भाडं भरून कोर्स चालवतं. २०११ मध्ये युनिव्हर्सिटीच्या रीजंट्सनी (म्हणजे तिच्या कारभारी मंडळाने) ठरवलं की २०१९ ला करार संपला की पुढे द्यायचा नाही. २०१९ आलं नि गेलं, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. तिकडे घराघरांसमोर 'सेव्ह म्यूनी'च्या पाट्या दिसतात.

तर झालं असं की माझे बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. रिटायर्ड तलाठी, पहाटे पाचला उठून फिरायची सवय, आणि आमच्या सबडिव्हिजनमध्ये फिरायचं म्हणजे गॅरेजची दारं मोजत जायचं. म्हणून ऑफिसातला एकजण म्यूनीला खेळायला जातो त्याच्याबरोबर शनिवारी यांनाही नेलं. क्लबहाऊसजवळ सरावाचं ग्रीन असतं ना, तिथे एका सत्तरीच्या काळ्या आजोबांनी बाबांच्या हातात सरळ पटर (बॉल हळूच होलकडे ढकलायची काठी) दिला. पहिला बॉल ग्रीन सोडून थेट पायवाटेवर. दुसरा तसाच. तिसरा होलपासून वीतभर अलीकडे थांबला आणि दोघं म्हातारे शाळकरी पोरांसारखे हसले. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती.

परत येताना वाटलं आता गोल्फविषयी काही विचारतील, तर म्हणाले, "याचा सातबारा कुणाच्या नावावर?" मी म्हटलं युनिव्हर्सिटीच्या. "मग शहर कूळ झालं. इतक्या वर्षांची वहिवाट, तरी मालक उठवू शकतो?" मला उत्तर देता आलं नाही. आणि नेमकी पार्किंगमध्ये एक बाई अर्ज घेऊन उभी, सही करा म्हणे. पेन हातात घेतलं आणि अडलो.

म्हणजे बघा, टेक्ससच्या उन्हाळ्यात एवढं गवत हिरवं ठेवायला पाणी किती लागत असेल, गावात भाडी कुठल्या कुठे गेलीत, विद्यार्थ्यांना राहायला परवडत नाही, आणि मी सही करणार ती चार लोकांचा खेळ टिकावा म्हणून? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गणिताचा_पेपर:

सही करू नका. स्पष्टच सांगतो. १८ होल, एका होलवर चौघांचा एक गट धरला, म्हणजे कोर्स भरलं तरी एका वेळी साधारण ७२ माणसं. १४१ एकरांत ७२, डोई दोन एकराला थोडं कमी. आमचं शिवाजी पार्क जेमतेम २८ एकर, तिथे रविवारी या जा, एकाचा पॉइंट म्हणजे दुसऱ्याचा मिडऑन, कडेने फिरणारे, कट्ट्यावर बसलेले, शिवाय कुणाचा तरी मोबाइल हरवलेला. मनोरंजनाची सार्वजनिक जागा त्याला म्हणतात. तुमच्या बाबांना चालायचं होतं ना, मग खरं सांगा, फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या हिरवळीवर, चालू दिलं का त्यांना?

घाटावरचा_ऑस्टिनकर:

नाही दिलं. बॉल लागेल म्हणून बिनखेळणाऱ्यांना आत सोडत नाहीत, कडेकडेने फिरलो. मुद्दा मान्य.

लाइव्हओक:

मी ऑस्टिनमध्ये ९४ पासून आहे, थोडं लिहितो, लांबेल.

आधी तुमच्या बाबांचा प्रश्न, कारण त्यांनी नेमकी दुखरी नस पकडलीये. ही जमीन जॉर्ज ब्रॅकनरिज नावाच्या श्रीमंत गृहस्थाने १९१० मध्ये युनिव्हर्सिटीला बक्षीस दिली. त्याचं स्वप्न होतं की अख्खं कॅम्पस नदीकाठी इकडे यावं. तो वारला आणि पाठोपाठ १९२१ मध्ये विधिमंडळाने ठरवलं की कॅम्पस आहे तिथेच राहील. मग मोकळी पडलेली जमीन, त्यातला एक तुकडा लायन्स क्लबने भाड्याने घेऊन कोर्स केलं, पुढे तीसच्या दशकात ते शहराने चालवायला घेतलं. म्हणजे बाबांच्या भाषेत मालक युनिव्हर्सिटी, कूळ शहर, पण इथे कूळकायदा नाही. भाडेकरूला नुसत्या वहिवाटीने मालकी लागत नाही, सरकारी संस्थेच्या जमिनीवर तर नाहीच. युनिव्हर्सिटीचं म्हणणंही अगदीच खोटं नाही हां, देणगी शिक्षणासाठी मिळाली, तिचं उत्पन्न विद्यार्थ्यांसाठी वापरायचं, आणि भाडं बाजारभावाच्या मानाने नगण्य.

आता दुसरी गोष्ट, जी पार्किंगमधल्या बाईने सांगितली असेल किंवा नसेल. १९५० सालाच्या शेवटी शेवटी दोन काळी पोरं, कॅडीचं (खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचं) काम करणारी, सरळ म्यूनीवर जाऊन खेळायला लागली. त्या काळी दक्षिणेत बहुतेक ठिकाणी काळ्यांना सार्वजनिक कोर्सवर खेळायला बंदी. महापौरांना फोन गेला, काय करायचं, पकडायचं का? आणि ठरलं की खेळू द्या. ना कोर्ट, ना दंगा, ना भाषण. जुन्या कॉन्फेडरेट राज्यांमध्ये (यादवी युद्धात फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं) काळ्या-गोऱ्या सगळ्यांना खुलं झालेलं हे पहिलं म्युनिसिपल कोर्स मानतात. शाळांच्या भेदभावावरचा सुप्रीम कोर्टाचा ब्राऊन निकाल १९५४ चा, अटलांटाच्या गोल्फ कोर्सचा १९५५ चा, म्हणजे हे त्यांच्या आधी. आणि गंमत अशी की त्याच १९५० च्या जूनमध्ये हेमन स्वेट या काळ्या विद्यार्थ्याला लॉ स्कूलमध्ये घ्या म्हणून सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं ते याच युनिव्हर्सिटीला, म्हणजे म्यूनीच्या मालकालाच. तुमच्या बाबांना पटर देणारे आजोबा सत्तरीचे, म्हणजे ते जन्मले साधारण त्याच सुमारास. बसवा हिशोब.

२०१६ मध्ये म्यूनी ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेलं ते यामुळेच. पण यादीत गेलं म्हणजे वाचलं असा गैरसमज नको, त्या यादीने मालकाचे हात बांधले जात नाहीत, फार तर केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना मध्ये आला तर विचारपूस होते. बेन क्रेनशॉसारखा माणूस (गोल्फर, ८४ आणि ९५ चा मास्टर्स स्पर्धेचा विजेता, इथेच वाढलेला) इतकी वर्षं यासाठी बोलतोय तरी प्रश्न लोंबकळतोय तो म्हणूनच.

आणि गणितवाल्या साहेबांना एकच, हॅनकॉक बघून या. याच गावातलं १८९९ चं कोर्स, आधी १८ होलचं होतं. त्यातला नऊ होलचा भाग विकला गेला आणि तिथे हॅनकॉक सेंटर उभं राहिलं, दुकानं आणि भलंमोठं पार्किंग. घरं नाही हो, पार्किंग. मी तिथल्या दुकानात दर रविवारी भाजी घेतो, चांगलं आहे दुकान, पण कोथिंबिरीची जुडी निवडताना एकदा तरी मनात येतं की आपण दहाव्या होलवर उभे आहोत का बाराव्या.

गणिताचा_पेपर:

हा मुद्दा वजनदार आहे. १९५० चं मला माहीत नव्हतं. पण इतिहास जपायला पाटी आणि दोन होल पुरतात, १८ कशाला?

सिडनीची_मावशी:

दोन होल नाही पण नऊचा प्रयोग आमच्याकडे चाललाय. मूर पार्क, सिडनी, शंभर वर्षांपेक्षा जुनं पब्लिक कोर्स, गावाच्या अगदी पोटात. शेजारी ग्रीन स्क्वेअरला टॉवरच टॉवर उभे राहिले, फ्लॅटला बाल्कनी म्हणजे एक खुर्ची आणि एक तुळस. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने जाहीर केलं की १८ चे ९ होल करणार आणि साधारण २० हेक्टर पार्क करणार. गोल्फवाले खवळले, आणि त्यातले बरेचसे श्रीमंत वगैरे काही नाहीत बरं का, आमचा प्लंबर तिथे खेळतो. श्रीमंतांचे क्लब आहेत तसेच आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही, कुऱ्हाड पडते ती स्वस्तातल्या पब्लिक कोर्सवर कारण तेवढंच सरकारच्या हातात असतं. मला स्वतःला पार्क हवंय. पण हे बघून पोटात कालवतं एवढं खरं.

बोरकूट:

वाचतेय. बाबांचे अजून किस्से येऊ द्या.

पहाटेचा_महालक्ष्मीकर:

मी वेगळंच सुचवतो. जमीन वाटण्याऐवजी वेळ वाटा. आमचं महालक्ष्मी रेसकोर्स घ्या, घोडे बघायला मी आयुष्यात तीनदा गेलो असेन पण चालायला वीस वर्षं जातोय. सकाळी आत लोक चालतात, पळतात, नंतर घोड्यांचं राज्य. (तिथलीही लीज २०१३ ला संपली होती, अकरा वर्षं नुसता घोळ, मग २०२४ ला २११ एकरांपैकी १२० पार्कसाठी महापालिकेकडे द्यायचं ठरलं. होईल तेव्हा खरं, अवांतर नको.)

आणि गोल्फवाल्यांना हे पटत नसेल तर त्यांना सेंट अँड्र्यूजचं उदाहरण द्या. स्कॉटलंडमधलं गोल्फचं पंढरपूर. तिथलं ओल्ड कोर्स रविवारी बंद असतं, एखादी मोठी स्पर्धा सोडली तर. लोक कुत्री, बाबागाड्या, सायबाच्या चहाचे थर्मास घेऊन फेअरवेवर हिंडतात. जगातलं सगळ्यात नावाजलेलं गवत, आणि आठवड्यातला एक दिवस गावाचं. मग म्यूनीला काय सोनं लागलंय? सोमवारी संध्याकाळी उघडा म्हणावं.

लाइव्हओक:

हे आवडलं. सही गोळा करणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे गोल्फर, आणि त्यांच्या डोक्यात वाचवणं म्हणजे जसंच्या तसं ठेवणं. रीजंट्ससमोर खेळणारे उभे राहिले तर तो एका खेळाचा हट्ट दिसतो. चालणारे, पक्षी बघणारे, शाळेची पोरं उभी राहिली तर वेगळं दिसेल. ओकची झाडं तर अशी आहेत तिथे की एकेकाखाली अख्खं महाराष्ट्र मंडळ भेळ खात बसेल.

गणिताचा_पेपर:

ठीक आहे, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना खुलं असेल तर माझ्या ७२ चा आकडा बदलतो. सही करा, पण शेरा मारून करा.

घाटावरचा_ऑस्टिनकर:

सर्वांचे आभार, लाइव्हओक तुमचे विशेष, १९५० चं सगळं बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्या आजोबांना विचारायला हवं होतं, ते लहानपणी इथे खेळले का."

तर काल शनिवारी पुन्हा गेलो. बाई होती, अर्ज होता. सही केली आणि खाली गिचमिड अक्षरात एक ओळ लिहिली की आठवड्यातली एक संध्याकाळ न खेळणाऱ्यांना चालायला द्यावी. तिने वाचलं, म्हणाली हे याआधी कुणी लिहिलं नव्हतं, आणि मग तोच कागद पुढच्या माणसाला दाखवून त्यालाही लिहायला लावलं. बाबांनाही सही करायची होती पण ते व्हिजिटर व्हिसावर, मी म्हटलं चालणार नाही. आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतलेला माणूस, जरा हिरमुसला.

आजोबा भेटले नाहीत. सरावाच्या ग्रीनवर दुसरेच कुणी होते. बाबा म्हणतायत पुढच्या शनिवारी लवकर निघू, साडेसहाला.

बोरकूट:

भेटले की लगेच इथे लिहा. आणि बाबांना एक पटर घेऊन द्या हो, गराज सेलमध्ये पाच डॉलरला मिळतात.