‘सक्तीची खरेदी’ की ‘अनिवार खरेदी’?

प्रश्न : ‘कंपल्सिव्ह बाइंग’ या मानसिक विकाराला एका माहितीपत्रकात ‘सक्तीची खरेदी’ म्हटले आहे. दादरमधील आमच्या महिला मंडळासाठी मला याच विषयावर मजकूर लिहायचा आहे. हा शब्द वापरावा का? घरांत तर सरळ ‘उधळपट्टी’ म्हणतात.

उत्तर १ : वापरू नये. सक्तीचे शिक्षण, सक्तीची रजा, सक्तीची वसुली या सर्वांत सक्ती दुसरा कोणीतरी करतो. येथे रेटा माणसाच्या आतूनच येतो. अनिवार ओढ, अनिवार इच्छा असे आपण म्हणतोच, तेव्हा ‘अनिवार खरेदी’ हा शब्द मला नेमका वाटतो.

‘उधळपट्टी’ तर अन्यायकारकच आहे. उधळ्या माणूस वस्तू मिरवतो, उपभोगतो. या विकारात मात्र रानडे रोडवरून आणलेल्या साड्या किमतीच्या चिठ्ठीसकट माळ्यावर ट्रंकेमागे दडवलेल्या सापडतात, कारण जिवाची तगमग शमते ती विकत घेण्याच्या क्षणी, नेसण्याने नव्हे. मग अपराधीपण, लपवाछपवी, क्रेडिट कार्डाचे थकलेले हप्ते, आणि त्या ताणातून सुटण्यासाठी पुन्हा खरेदी. अशा बाईला ‘हात आवर’ म्हणून काय उपयोग? आवरत नाही, हाच तर विकार आहे.

एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याची ‘ओनिओमेनिया’ या नावाने नोंद केली होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या मनोविकारांच्या सूचीमध्ये त्याला स्वतंत्र स्थान नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या ‘आयसीडी-११’ या रोगांच्या वर्गीकरणात तो आवेग-नियंत्रणाच्या इतर विकारांत येतो.

उत्तर २ : ‘अनिवार खरेदी’ला माझीही संमती आहे, मात्र तिला ‘मंत्रचळ’ (तीच कृती नाइलाजाने पुन्हा पुन्हा करायला लावणारा ‘ओसीडी’ हा विकार) म्हणू नये. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्याला त्यात सुख नसते, खरेदीत निदान सुरुवातीला असते. तसेच द्विध्रुवी (बायपोलर) विकारातील उन्मादाच्या काळात झोप कमी होते, बोलणे वाढते आणि पैसाही वारेमाप खर्च होतो; तो आजार निराळा, उपचारही निराळे, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच व्हावे. अनिवार खरेदीसोबत नैराश्य किंवा चिंता पुष्कळदा आढळते. विचार-वर्तन उपचारपद्धतीचा, विशेषतः गटाने घेतल्यास, उपयोग होतो.

मजकुरात ‘ती खर्चिक आहे’ऐवजी ‘तिला अनिवार खरेदीचा त्रास आहे’ अशी वाक्यरचना ठेवावी आणि ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक छापावा, तेथे मराठीतही बोलता येते.