यू-टू म्हणजे एकटा बोनो नव्हे

आयरिश रॉक बँड यू-टूबद्दल कुणीतरी म्हटलं, 'यू-टू म्हणजे गायक बोनो, बाकीचे तिघे साथीला'. हे मत मला अजिबात पटलं नाही. बँड सुरू केला तो ड्रमर लॅरी म्युलननं. 1976 मध्ये डब्लिनच्या माउंट टेंपल शाळेच्या फलकावर 14 वर्षांच्या या पोरानं चिठ्ठी लावली आणि पहिली तालीम झाली त्याच्याच घरच्या स्वयंपाकघरात. डिसेंबर 2019 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या त्यांच्या कार्यक्रमातही आधी लॅरीचेच ड्रम वाजले, मग बाकीचे आले.

आणि बँडचा गिटारवादक एज, त्याची गिटार! 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' या गाण्याची सुरुवात हेडफोन लावून ऐकाच. बोटं मोजकेच सूर छेडतात, पण डिले यंत्रातून प्रत्येक सुराचा प्रतिध्वनी लयीत बरोबर मधल्या जागी येऊन बसतो आणि एकाच गिटारीची झालर विणली जाते. वेगाच्या कसरती नाहीत, तरी दोन सेकंदांत माणूस ओळखू येतो. माझ्या मते हे फार मोठं काम आहे.

1987 च्या 'द जोशुआ ट्री' या अल्बमनं त्यांना जगभर नेलं. तरी 1990 च्या अखेरीस बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत बँड फुटायच्या बेतात होता. बोनो-एजना नवे, यांत्रिक ठेके हवे होते, लॅरी आणि बासवादक अ‍ॅडमना ते रुचत नव्हते. त्या तणावात एज काही कॉर्ड्स चाचपत असताना 'वन' हे गाणं जन्मलं. सूर चौघांच्या झटापटीतून निघाला, म्हणूनच संगीताचं श्रेय आजही 'यू-टू' याच नावानं छापलं जातं.